गणिताची डिग्री, कंपनीतलं एक वर्ष आणि अंबडचा गाळा

प्रिय ताई,

मी सिडकोत राहते. यंदा बारावी सायन्स झाले. गणित सोडून दुसरं काही करायचं नाही, हे दहावीतच ठरलंय. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाची ऑफर आली आहे. कोर्स चार वर्षांचा आहे: दोन वर्षं शिक्षण, तिसरं वर्ष एखाद्या कंपनीत पगारी काम, मग परत येऊन शेवटचं वर्ष. हवं असेल तर कंपनीचं वर्ष वगळून हाच कोर्स तीन वर्षांत करता येईल, असंही त्यांनी कळवलंय. काय ते आत्ताच सांगायचं आहे.

बाबांचं अंबड एमआयडीसीत प्रेस शॉप आहे, गाड्यांचे छोटे पार्ट बनतात. ते म्हणतात, "कंपनीतच काम करायचं तर एवढे पैसे घालून तिकडे कशाला? माझ्या गाळ्यात ये, रिजेक्शनचं रजिस्टर लिहायला माणूस हवाच आहे." एक वर्ष वाढतं त्याचा खर्च वेगळाच. आईचं म्हणणं, तीन वर्षंच पुष्कळ झाली. माझी भीती निराळी आहे. मला सिद्धता आवडतात. वर्षभर एक्सेल भरत बसले तर जे येतंय तेही विसरेन का? आणि कंपनी मिळालीच नाही तर?

— गणितवेडी, सिडको, नाशिक

प्रिय गणितवेडी,

चार वर्षांचाच कोर्स कळव. पण कंपनीत जायचंच, असं मात्र आज ठरवू नकोस. तो निर्णय दुसऱ्या वर्षात घ्यायचा असतो. आज फक्त त्याची सोय राखून ठेवायची आहे, कारण तिथला विद्यार्थी व्हिसा कोर्सच्या लांबीप्रमाणे मिळतो. चार वर्षांचा घेऊन तीनवर येणं बहुतेक ठिकाणी विद्यापीठाच्या ऑफिसातलं कागदी काम असतं. व्हिसाची मुदत त्याप्रमाणे कमी होऊ शकते एवढंच. उलट तीनचा घेऊन मध्येच चारवर जायचं तर मुदतवाढीचा अर्ज, पुन्हा फी आणि वाढलेल्या काळाचा आरोग्य अधिभार, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायची रक्कम. हा अधिभार सध्या विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड आहे आणि सगळ्या वर्षांचा व्हिसा काढतानाच एकदम भरावा लागतो. बाबांच्या हिशेबात तो आधीच धर.

बाबांचं म्हणणं तू जरा हसण्यावारी नेलेलं दिसतंय. पण कंपनीत काम शिकायला डिग्रीची काय गरज, हा प्रश्न इंग्लंडमध्येही शंभर वर्षांहून जुना आहे, आणि तुझा कोर्स त्याच प्रश्नातून निघाला आहे. थोडे महिने कॉलेज, थोडे महिने कारखाना, पुन्हा कॉलेज, ही पद्धत तिकडे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी सुरू झाली. बाथ, सरे, लफबरो, ब्रुनेल ही आज या वर्षासाठी नावाजलेली विद्यापीठं १९६६ साली विद्यापीठं झाली. त्याआधी ती तंत्रशिक्षणाची कॉलेजं होती आणि त्यांचे विद्यार्थी निम्मा वेळ कारखान्यात असत. गणितवाले या पंगतीला नंतर येऊन बसले. म्हणजे हे वर्ष गणिताच्या लोकांनी नाही, तुझ्या बाबांसारख्या लोकांनी मागून घेतलेलं आहे. हे त्यांना सांग, आवडेल त्यांना.

आता ते कंपनीचं वर्ष, तिकडे त्याला प्लेसमेंट म्हणतात, मिळतं कसं. आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत कंपन्या कॅम्पसवर येतात, टेस्ट होते, संध्याकाळी यादी लागते. तिथे असं काही होईल ही अपेक्षा ठेवून जाऊ नकोस. विद्यापीठात प्लेसमेंटचं ऑफिस असतं. ते बायोडेटा तपासून देतं, मुलाखतीची तयारी करून घेतं, जागांची माहिती कळवतं. पण जागा तू शोधायचीस, अर्ज तू करायचेस, देशभरातल्या मुलांशी स्पर्धाही तूच करायचीस. विद्यापीठ जागेची हमी देत नाही. माहितीपुस्तिकेत हसऱ्या मुलामुलींचे फोटो मोठे असतात आणि हे वाक्य बारीक टाइपात असतं.

मोठ्या कंपन्यांचे अर्ज दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उघडतात. काम सुरू व्हायचं असतं पुढच्या जून ते सप्टेंबरमध्ये. अनेक कंपन्या जागा भरल्या की शेवटच्या तारखेची वाट न बघता अर्ज बंद करतात. अर्जानंतर ऑनलाइन आकडेमोडीची आणि तर्काची चाचणी होते, मग कॅमेऱ्यासमोर एकटीने उत्तरं रेकॉर्ड करायची मुलाखत, मग चार-सहा उमेदवारांना एकत्र बसवून दिवसभर पारखतात. या सगळ्याला महिने लागतात, आणि दुसऱ्या वर्षाचा अभ्यास त्याच वेळी चालू असतो. दुसऱ्या वर्षाचे गुण तर अंतिम श्रेणीत धरले जातात.

यात एक गंमत आहे, ती आधी कुणी सांगत नाही. पहिल्या वर्षाचे गुण बहुतेक विद्यापीठांत अंतिम श्रेणीत धरत नाहीत. त्यामुळे "फर्स्ट इयरला पास झालं की बास" असं वरच्या वर्गातली मुलं तुला पहिल्याच आठवड्यात सांगतील. पण दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये तू अर्ज करशील तेव्हा कंपनीला दाखवायला तुझ्याकडे दुसरे गुण कुठले असणार? फक्त पहिल्या वर्षाचेच. डिग्रीला जे वर्ष मोजत नाही, त्याच वर्षावर कंपनीचं वर्ष ठरतं. पहिल्या वर्षात एप्सिलॉन-डेल्टा, म्हणजे सीमेच्या काटेकोर सिद्धता, नीट कर, आणि आर किंवा पायथॉन यांपैकी एक प्रोग्रामिंगची भाषा विचारावं न लागता लिहिता येईल इतकी हातात आण. दोन्ही नको, एकच. पण खरी.

परदेशी विद्यार्थिनी म्हणून थोडं वेगळं. प्लेसमेंट कोर्सचा भाग असली की विद्यार्थी व्हिसावरच पूर्ण वेळ काम करता येतं. एरवी सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा असते, ती या कामाला लागू नाही. कंपनीला तुझ्यासाठी वेगळा वर्क व्हिसा काढावा लागत नाही. पण छोट्या कंपन्यांतल्या एचआरला हे बहुधा माहीत नसतं, आणि "व्हिसाची भानगड नको" म्हणून ते अर्ज बाजूला ठेवतात. तेव्हा विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाकडून याचं पत्र आधीच घेऊन ठेव आणि अर्जासोबत जोड. संरक्षण आणि गुप्तवार्तेशी संबंधित बऱ्याच जागांना ब्रिटिश नागरिकत्व लागतं. तिथे वेळ घालवू नकोस. उरतं तेही भरपूर आहे: विमा कंपन्यांत प्रीमियम ठरवण्याचं काम, औषध कंपन्यांत चाचण्यांच्या आकडेवारीचं काम, बँकांत जोखीम मोजण्याचं काम, सुपरमार्केटच्या साखळ्यांत मागणीचे अंदाज, रेल्वे आणि वीज कंपन्यांत वेळापत्रकांचं नियोजन.

प्रत्येक मुलाखतीत एक प्रश्न तू विचारायचा: "गेल्या वर्षी या जागेवर जो विद्यार्थी होता त्याने नेमकं काय केलं?" उत्तर गुळमुळीत आलं तर समजून जा. पहिले दोन-तीन महिने घाण डेटा स्वच्छ करण्यात सगळ्यांचेच जातात, त्याला इलाज नाही. पुढचे नऊ-दहा महिनेही त्यातच जाणार असतील तर ती जागा तुझ्यासाठी नाही.

पैशांचं थोडक्यात सांगते, कारण सविस्तर हिशेब तुझ्यापेक्षा बाबा चांगला करतील. गणिताच्या कोर्सला परदेशी विद्यार्थ्यांची फी बहुतेक ठिकाणी वर्षाला वीस ते तीस हजार पौंडांच्या घरात असते. कंपनीच्या वर्षाची फी पुष्कळ कमी असते. ब्रिटिश विद्यार्थ्यांसाठी तिच्यावर पूर्ण फीच्या २० टक्क्यांची कमाल मर्यादा आहे, पण ती तुला लागू नाही. तुझा आकडा विद्यापीठ ठरवणार, म्हणून तो लेखी माग. पगार बहुतेक जागांना वर्षाला वीस हजार पौंडांच्या आगेमागे असतो. सध्या १२,५७० पौंडांपर्यंत आयकर नाही, पुढच्या रकमेवर २० टक्के, शिवाय नॅशनल इन्शुरन्सची, म्हणजे तिथल्या सामाजिक सुरक्षेच्या वर्गणीची, कपात. आणि पगाराचं आधी पक्कं कर. ब्रिटिश पदवीचा भाग म्हणून केलेल्या एक वर्षापर्यंतच्या कामाला तिथला किमान वेतनाचा कायदा लागू होत नाही, त्यामुळे बिनपगारी जागाही कायद्यात बसते. तशी जागा घेऊ नकोस.

याचा अर्थ एवढाच की चौथ्या वर्षाने घर बुडणार नाही; खर्च बराचसा त्या वर्षाच्या पगारातून निघू शकतो. खरा बोजा बाकीच्या तीन वर्षांचा आहे. तेव्हा तीन की चार, या वादात घरात पैशांचा मुद्दा निघाला तर तो चुकीच्या ठिकाणी निघतोय असं समज. एज्युकेशन लोनसाठी गाळाच तारण ठेवावा लागणार असेल, तर प्रश्न तीन-चारचा उरतच नाही. मग "इंग्लंड की नाशिक" हाच प्रश्न घेऊन बसा, सगळे मिळून, आणि त्यात नाशिकला आधीच हरवून टाकू नका. इथे केटीएचएम किंवा एचपीटी-आरवायके कॉलेजला बी.एस्सी. करून, आयआयटीची जॅम परीक्षा देऊन, चांगल्या संस्थेत एम.एस्सी. करणारी मुलं आहेत. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात इथल्या पदवीतही ऑन जॉब ट्रेनिंगचे चार क्रेडिट आलेत. ते काही आठवड्यांचं काम आहे, वर्षभराचं नाही. पण अगदीच काही नाही असंही नाही.

लोन घेणार असाल तर आणखी एक. हप्ते कोर्स संपल्यावर सुरू होतात, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चालू असतं आणि कोर्स वर्षाने वाढला की तेही वर्षभर जास्त चालतं. कंपनीच्या वर्षातल्या पगारातून निदान हे व्याज भरत राहिलात तर पुढे बरंच हलकं जाईल.

आता तुझी भीती. गणित विसरण्याची.

ती खोटी नाही. वर्षभर मेझर, ग्रुप, रिंग हे वरच्या गणितातले शब्द कानावर न पडता परत येऊन एकदम शेवटच्या वर्षाच्या कोर्सला बसणं जड जातं. सोबत सुरुवात केलेली, तीन वर्षांचा कोर्स घेतलेली मंडळी तोवर पदवी घेऊन गेलेली असतात, त्यामुळे "जरा समजावून सांग" म्हणायला ओळखीचं माणूसही कमी. पण नोकरी केल्याने सिद्धतांचं वेड जातं, हे नाशिकच्या मुलीने म्हणू नये. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ या काळात शिकवणारे द. रा. कापरेकर पूर्ण वेळचे शाळामास्तर होते. त्यांच्याकडे गणितातली पदव्युत्तर पदवी नव्हती, संशोधनाची खोली नव्हती. वर्ग, वह्या, परीक्षा हे सगळं सांभाळून त्यांनी संख्यांवर काम केलं, आणि ६१७४ हा आकडा आज जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. कुठलीही चार अंकी संख्या घे, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा कर, हेच पुन्हा पुन्हा कर. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तू ६१७४ वर येतेस आणि तिथेच अडकतेस. का, ते माहीत नसेल तर सुट्टीत शोध.

नोकरीच्या वर्षात आठवड्यातली एक संध्याकाळ आणि एक पुस्तक राखून ठेव. शेवटच्या वर्षात जो विषय घ्यायचा आहे, त्याचंच पुस्तक. विद्यापीठाच्या लायब्ररीत तू तेव्हाही विद्यार्थिनीच असतेस. हे आठवडाभर दमून आल्यावर होणार नाही असं वाटत असेल, तर मग एक खरा प्रश्न स्वतःला विचार: तुला पीएच.डी.च करायची आहे का? दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला उत्तर ठाम "हो" आलं, तर कंपनीचं वर्ष बेलाशक सोड. उन्हाळी सुट्टीत विभागातल्याच एखाद्या प्राध्यापकाकडे आठ आठवड्यांचं संशोधनाचं काम मिळतं का बघ आणि तीन वर्षांत पदवी घे. त्यात कमीपणा काही नाही. पण उत्तर "माहीत नाही" असं आलं, आणि या वयात तेच येण्याची शक्यता जास्त, तर हे वर्ष माहीत करून घेण्यासाठीच आहे.

नोकरीचा तिकडचा बाजारही ध्यानात घे. पदवीनंतर तिथे राहून काम शोधायला ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षं. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांना १८ महिने मिळतील. तू त्या १८ महिन्यांत येतेस. एवढ्या वेळात ज्यांनी आधी कुठे काम केलेलं नाही आणि ज्यांना एखादी कंपनी वर्षभर ओळखते, त्यांच्यातला फरक मी वेगळा सांगायला नको. काही कंपन्या चांगल्या प्लेसमेंट विद्यार्थ्याला शेवटचं वर्ष सुरू होण्याआधीच नोकरी देऊ करतात. प्रत्येकीची खात्री नसते, पण हे घडतं.

आता बाबांच्या रजिस्टरकडे येऊ. माझ्या मते तुझ्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे, आणि तू ती तक्रार म्हणून लिहिली आहेस.

तुला निघायला अजून काही आठवडे आहेत. बाबांचा प्रस्ताव मान्य कर. गाळ्यात जा. रजिस्टर लिहायला जाऊ नकोस, वाचायला जा. प्रेस शॉप आहे म्हणजे पत्र्यात भोकं पाडण्याचं काम असणारच. भोक पाडणारा पंच झिजत जातो तसं भोक किंचित लहान होत जातं आणि कडेला बर, म्हणजे धारदार कंगोरा, वाढते. ऑपरेटरला हे हाताला कळतं. गिऱ्हाईक कंपनीला मात्र ते कागदावर हवं असतं, म्हणून बाबांकडे कुठेतरी तासातासाला पाच पीस मोजून लिहिलेला तक्ता असेल: सरासरी, रेंज (सर्वात मोठं वजा सर्वात लहान माप), वर आणि खाली दोन रेषा. ही पद्धत १९२४ मध्ये वॉल्टर शूहार्ट या माणसाने अमेरिकेतल्या टेलिफोनच्या कारखान्यासाठी काढली. शंभर वर्षं झाली, तरी अंबड-सातपूरच्या गाळ्यांत ती रोज चालते, कारण ऑडिटला फाइल लागते.

त्या तक्त्यावर एक आकडा छापलेला सापडेल: ०.५७७. पाच पिसांच्या गटांसाठी रेंजची सरासरी या आकड्याने गुणायची, ती एकूण सरासरीत मिळवली की वरची रेषा, वजा केली की खालची. गाळ्यात विचार, "हा ०.५७७ आला कुठून?" बहुतेक जण म्हणतील, "फॉरमॅटमध्येच आहे." तोच तू शोधायचा. (ऑयलरचा स्थिरांकही ०.५७७ पासून सुरू होतो. त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही, निव्वळ योगायोग. मागे लागू नकोस.) प्रमाण नॉर्मल वितरणातून (घंटेच्या आकाराचा आलेख, सरासरी ०, प्रमाण विचलन १) पाच नमुने घेतले तर सर्वात मोठा आणि सर्वात लहान यांतलं अंतर सरासरीने २.३२६ येतं. आता ३ ला २.३२६ आणि ५ चं वर्गमूळ यांच्या गुणाकाराने भाग, तुझा आकडा येईल. तो २.३२६ कसा येतो हे सिद्ध करायला जे गणित लागतं, ते तू दुसऱ्या वर्षाच्या संभाव्यतेच्या कोर्समध्ये शिकशील. तोवर पायथॉनमध्ये लाखभर वेळा पाच-पाच नमुने उचलून त्याच्या जवळ येता येतं. हे एका संध्याकाळचं काम आहे.

मग पुढचा प्रश्न, आणि हा मात्र खरंच अवघड आहे. ही सगळी पद्धत मापं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं धरून चालते. पण पंच झिजतोय म्हणजे दहा वाजताचं माप नऊच्या मापाशी बांधलेलं आहे. ते हळूहळू खाली सरकतंय. मग त्या दोन रेषांना अर्थ काय उरला? सलग सात बिंदू उतरते दिसले तर मशिन थांबवून बघा, असा नियम कामगारांना शिकवतात. तो सातच का? पंचाला धार (शार्पनिंग) कधी लावायची, रोज की बिंदू रेषेजवळ आल्यावर? एकदा डाय, म्हणजे प्रेसवरचा साचा, उतरवून चढवायला किती वेळ जातो आणि तेवढ्या वेळात किती पीस निघाले असते, हे बाबांना तोंडपाठ असेल. त्यांच्याशी बसून हा हिशेब मांड. उत्तर चुकलं तरी चालेल.

हे करायला का सांगतेय? सव्वा वर्षाने एखाद्या मुलाखतीत तुला विचारतील, "आकड्यांचा उपयोग करून एखादा प्रत्यक्ष प्रश्न सोडवल्याचा प्रसंग सांग." हा प्रश्न तिकडे ठरलेलाच असतो. बाकीचे उमेदवार कॉलेजातल्या गटप्रकल्पाबद्दल सांगतील. तू पंचाबद्दल सांग. किती पीस, किती रिजेक्ट, तुला काय वाटलं होतं, ऑपरेटर काय म्हणाला, कोण बरोबर निघालं. मात्र गिऱ्हाईक कंपनीचं नाव, पार्ट नंबर, ड्रॉइंग यांतलं काहीही बाहेर जाता कामा नये. बाबांनी त्यावर सह्या केलेल्या असतात. "वाहनांच्या सुट्या भागांचा छोटा कारखाना" एवढं पुरे.

आणि बाबांनाही एक कळेल, की रजिस्टर लिहिणारा माणूस आणि रजिस्टर वाचणारा माणूस यांचा पगार वेगळा का असतो. ते त्यांना आतून माहीत असणारच, आपल्याच मुलीच्या बाबतीत सुचलं नसेल.

कंपनी नाहीच मिळाली तर? तर तिसऱ्या वर्षाला सरळ अभ्यासाचं वर्ष सुरू होतं आणि तू तीन वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडतेस. तुझ्या आईला हवं तेच. अर्ज केले, मुलाखती दिल्या, त्याचा अनुभव पदवीनंतरच्या नोकरीला उपयोगी पडतोच. यात नुकसानीची जागा एकच आहे, आणि ती घराची. तिकडे विद्यार्थी पुढच्या वर्षाचं भाड्याचं घर नोव्हेंबर-डिसेंबरपासूनच मैत्रिणी-मैत्रिणी मिळून बारा महिन्यांच्या कराराने घेऊन टाकतात. त्या वेळी तुझं उत्तर आलेलं नसणार. मैत्रिणींच्या आग्रहाला बळी पडून सही केलीस आणि मे महिन्यात दुसऱ्या गावात प्लेसमेंट मिळाली, तर दोन घरांचं भाडं भरशील. थांब. उशिरा जरा गैरसोयीचं घर मिळेल, पण मिळेल.

आईला एक गोष्ट आधीच सांगून ठेव, नाहीतर तिकडून फोनवर सांगताना अवघड जाईल. इतर वर्षी उन्हाळ्याची लांब सुट्टी असते, तेव्हा तू घरी येऊ शकतेस. कंपनीच्या वर्षात ती नाही. इतर कर्मचाऱ्यांसारखी मोजकी रजा, बँक हॉलिडे (तिथल्या सार्वजनिक सुट्ट्या) धरून वर्षाला साधारण साडेपाच आठवडे. दिवाळीला दहा दिवस आलीस तर नाताळात तिकडेच. तिचा विरोध चौथ्या वर्षाला आहे की त्या न येण्याला, हेही विचारून बघ. कदाचित मावशी किंवा आजी मध्ये पडली तर जास्त बोलेल ती.

आता लगेच करायचं ते. विद्यापीठाच्या गणित विभागाला ईमेल लिही. चारवरून तीनवर यायची शेवटची तारीख कोणती आणि तेव्हा व्हिसाचं काय होतं, ते विचार. परदेशी विद्यार्थ्याला कंपनीच्या वर्षाची फी किती, तो आकडा माग. त्या वर्षाचे गुण पदवीत धरतात की फक्त उत्तीर्णची नोंद होते, तेही विचार. आणि गेल्या वर्षी गणिताच्या किती विद्यार्थ्यांनी जागा शोधली, त्यातल्या कितींना मिळाली, त्यात परदेशी किती होते. "आमचे अनेक विद्यार्थी नामांकित कंपन्यांत जातात" असं उत्तर आलं, तर न लाजता पुन्हा लिही की मला आकडे हवे आहेत. गणित विभाग आहे तो, आकडे मागितले म्हणून रागावणार नाही.

— तुझी ताई